थुनेरची रोपं लावण्याआधी त्यांची नाती तपासायला हवीत

रानवाट

हिमालयातल्या थुनेरची रोपं रोपवाटिकेत वाढवून पुन्हा जंगलात लावायचे प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत. ते करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक काळजीही आहे आणि ती नीट मांडावी म्हणून हा धागा काढते आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझं रोजचं काम याच झाडाच्या डीएनएवर चालतं, म्हणून थोडं आतून लिहिता येईल.

ज्यांनी झाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी ओळख. थुनेर म्हणजे टॅक्सस. गढवालात थुनेर, हिमाचलात रखाल. देवदार, फर, ओक यांच्या सावलीत साधारण 1800 ते 3300 मीटर उंचीवर वाढणारा सूचिपर्णी वृक्ष. याला पाइनसारखा लाकडी शंकू येत नाही. लाल मांसल गरात एकच बी बसलेली असते, आणि तीही फक्त मादी झाडावर, कारण नर आणि मादी झाडं वेगळी असतात. वाढ फार संथ. हिमालयातल्या दोन्ही मुख्य जाती, पूर्वेकडची टॅक्सस वॉलिचियाना आणि पश्चिमेकडची टॅक्सस कॉन्टॉर्टा, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवलेल्या आहेत. वॉलिचियाना 1995 पासून साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

ही वेळ येण्यामागे एक औषध आहे. 1962 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यू नावाच्या टॅक्ससची साल गोळा केली गेली. तिच्यातून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीने जो रेणू वेगळा केला तो पॅक्लिटॅक्सेल. त्याची रचना 1971 साली प्रसिद्ध झाली आणि 1992 साली अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म 1925 चा. हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला फार वाटतं. पण 1 किलो औषधासाठी सुमारे 10,000 किलो साल लागायची, आणि साल सोललेलं झाड मरतं. पुढे पानांतल्या एका घटकापासून हेच औषध बनवायची रीत निघाली. तिने साल वाचली, पण पानांसाठी हिमालयातली झाडं ओरबाडली जाऊ लागली. संथ वाढणाऱ्या झाडाला तेही झेपत नाही.

आता काळजीचा मुद्दा. थुनेरचं बी रुजायला दीड-दोन वर्षं घेतं. म्हणून रोपवाटिकेत कटिंग लावतात, आणि ती लागतातही. रस्त्याजवळची, हाताला येणारी थोडी झाडं निवडायची, त्यांच्या फांद्या आणायच्या, शेकडो रोपं तयार करायची. दिसायला शेकडो, पण जनुकांच्या हिशेबात ती त्या मोजक्या झाडांच्या नकलाच. त्यातून मूळ झाडं योगायोगाने सगळी मादी निघाली, तर त्या लागवडीत परागच नसेल आणि आसपास नर झाड नसल्यास बी धरणार नाही. हे कळायला कित्येक वर्षं जातील, कारण लहान रोपाकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही.

म्हणून कोणाच्या फांद्या घ्यायच्या हे आधी ठरवायला हवं, आणि ते ठरवायला जनुकीय मार्कर लागतात.

मार्कर म्हणजे डीएनएतली अशी जागा जिथे एका झाडात आणि दुसऱ्यात फरक सापडतो. आम्ही वापरतो ते मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे एजी-एजी-एजी अशी दोन-तीन अक्षरांची सलग पुनरावृत्ती. एका झाडात ती बारा वेळा असेल, शेजारच्यात पंधरा वेळा. दोन्ही बाजूंना प्रायमर (त्या जागेला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवून तो तुकडा पीसीआरने वाढवायचा, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढायच्या, आणि लांबी मोजायची. पण प्रत्येक जागा उपयोगी नसते. सदाशिव पेठेत नुसतं 'कुलकर्णी' म्हणून पत्र टाकलं तर ते कुणाला द्यायचं हे पोस्टमनला कळणार नाही. सगळ्या झाडांत सारखाच असलेला मार्कर तसा निरुपयोगी. दहा-पंधरा जागा अशा लागतात की ज्यांच्यात पुरेशी विविधता आहे आणि ज्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे वारशाने जातात.

सूचिपर्णी वृक्षांत हे अवघड का? कारण त्यांचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, अवाढव्य असतो. माणसाच्या डीएनएत साधारण 300 कोटी अक्षरं आहेत. 2013 साली नॉर्वे स्प्रूसचा जीनोम वाचला गेला तेव्हा तो 2000 कोटींच्या आसपास निघाला, आणि जनुकं मात्र तीस हजारांच्याही आत. बाकी बहुतेक सगळा भाग स्वतःच्या प्रती करत पसरलेल्या डीएनएचा. टॅक्सस त्या मानाने लहान, तरी 1000 कोटींच्या घरात. परिणाम असा की तुम्ही एका जागेसाठी प्रायमर बनवता आणि तो जीनोममध्ये पन्नास ठिकाणी जाऊन चिकटतो. जेलवर (ज्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) एक-दोन बँड, म्हणजे रेघा, दिसायच्या ऐवजी नुसता पट्टा पसरलेला दिसतो. म्हणून हल्ली आरएनए वाचून, म्हणजे प्रत्यक्ष जनुकांच्या भागातून, मार्कर शोधतात. ते स्वच्छ येतात आणि शेजारच्या जातींतही चालतात. मात्र जनुकांत बदल कमी टिकतात, त्यामुळे त्यांच्यात विविधता थोडी कमी. दोन्हींचं मिश्रण ठेवावं या मताची मी आहे.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

कर्वेनगरकर

उत्तम धागा. नंदुरबारचा संदर्भ माहीत नव्हता, आज घरी सगळ्यांना सांगितला. एक शंका: आपल्याकडे सह्याद्रीत असे सूचिपर्णी वृक्ष नाहीतच का? लहानपणी कोकणात सुरूची झाडं बघून आम्ही त्यांनाच पाइन समजायचो.

रानवाट

सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. सुया दिसतात त्या त्याच्या बारीक हिरव्या फांद्या, आणि शंकूसारखं दिसतं ते फळ. महाराष्ट्राच्या जंगलात मूळचा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. पुण्यात बंगल्यांसमोर दिसतात ती मोरपंखी आणि अरॉकॅरिया (ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात) बाहेरून आणलेली. संपूर्ण दक्षिण भारतात मूळचा एकच आहे, नागेया वॉलिचियाना, दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात. त्याची पानं इतकी रुंद असतात की पाहणाऱ्याला तो सूचिपर्णी वाटतच नाही. सह्याद्रीतली नीटमची वेल सूचिपर्णींसारखीच अनावृत्तबीजी (उघडं बी धरणारी) आहे खरी, पण तिचा गट वेगळा.

प्राची_द

माझ्या आईला पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. सलाइनच्या बाटलीवरचं नाव रोज वाचायचे, पण त्यामागे एक झाड आहे हे आज समजलं. आई आता बरी आहे. मनापासून धन्यवाद, लिहीत राहा.

रानवाट

प्राचीताई, हे वाचून फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. आता हे औषध मोठ्या टाक्यांमध्ये वाढवलेल्या टॅक्ससच्या पेशींपासूनही काढतात, त्यासाठी जंगलात जावं लागत नाही. ते तंत्र जितकं पसरेल तितकं झाडांवरचं ओझं उतरेल.

गिरिभ्रमण

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तोड थांबवली, चराई थांबवली की जंगल आपलं आपण सावरतं. प्रयोगशाळेत एवढा पैसा घालण्यापेक्षा दोन वनरक्षक जास्त नेमा. मी उत्तराखंडात बराच फिरलो आहे, तिथे मनुष्यबळ किती कमी आहे ते पाहिलं आहे.

रानवाट

राग कसला, वनरक्षक आधी हवेत हे मलाही मान्य आहे. तोडलेल्या झाडाचे मार्कर काढून काय करायचं? पण जिथे ओढ्याच्या काठाने थोडी म्हातारी झाडं उरली आहेत आणि खाली एकही रोप नाही, तिथे नुसती राखण पुरत नाही.

आणखी एक अडचण आहे जी डोळ्यांना दिसत नाही. ही झाडं शेकडो वर्षं जगतात. आज उभी असलेली म्हातारी झाडं जंगल अखंड होतं तेव्हा जन्मली. त्यांचे नमुने घेतले तर विविधता भरपूर दिसते आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. जंगल तुटल्यानंतर जन्मलेल्या रोपांचे नमुने घ्या, मग खरी स्थिती कळते: पराग किती लांबून येतो आहे, की शेजारचंच एक नर झाड सगळ्या बियांचा बाप आहे. आमच्या कामात म्हणूनच एकाच ठिकाणची जुनी झाडं आणि कोवळी रोपं असे दोन गट वेगळे ठेवतात. वनरक्षक कुठे आधी नेमायचे हेसुद्धा यावरून ठरवता येईल.

आणि कधी उत्तर अगदी उलटं येतं. ऑस्ट्रेलियात 1994 साली वॉलेमी पाइन सापडला. जंगलात शंभराच्या आतबाहेर मोठी झाडं. मार्कर लावून पाहिलं तर सुरुवातीच्या तपासण्यांत झाडाझाडांत फरक जवळजवळ सापडलाच नाही. तिथे कुठल्या झाडाची फांदी घ्यायची हा प्रश्न गौण ठरला आणि रोगापासून बचाव हा मुख्य. कारण एक झाड ज्या बुरशीला बळी पडेल, तिला बाकीचीही पडण्याची भीती. तपासलं म्हणून हे समजलं.

गिरिभ्रमण

म्हातारी झाडं आणि रोपं वेगळी तपासायची हा मुद्दा पटला. असा विचार केला नव्हता. मनुष्यबळाचं माझं म्हणणं मात्र कायम.

वैद्या_अनघा

माझा प्रश्न व्यवसायातला आहे. तालीसादि चूर्ण आमच्याकडे रोज लागतं. त्यातलं तालीसपत्र म्हणजे फरची, म्हणजे ॲबिसची पानं, असं फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, दिलेलं आहे. पण बाजारात त्या नावाखाली टॅक्ससची पानंही येतात. टॅक्ससमधलं टॅक्सीन हृदयाला घातक असतं, म्हणून मला याची फार धास्ती वाटते. तुमच्या मार्करनी सुकी पानं ओळखता येतील का?

रानवाट

अनघाताई, फार महत्त्वाचा प्रश्न. मायक्रोसॅटेलाइट या कामाचे नाहीत. ते एकाच जातीतल्या दोन झाडांमधला फरक सांगतात. इथे जात ओळखायची आहे, त्यासाठी बारकोड वापरतात: सगळ्या झाडांत असणारा, पण जातीगणिक बदलणारा डीएनएचा तुकडा. टॅक्सससाठी हरितलवकातला ट्रनएल-एफ आणि केंद्रकातला आयटीएस हे दोन चांगले चालतात. फर आणि टॅक्सस तर इतके दूरचे आहेत की फरक लगेच कळतो. सुक्या अख्ख्या पानातून डीएनए निघतो. दळून, साठवून जुन्या झालेल्या चूर्णात मात्र तो तुटलेला असतो, तिथे अगदी छोटे तुकडे वाचावे लागतात. तुम्ही माल घेताना अख्खी पानंच मागा. टॅक्ससचं पान चपटं, टोकदार आणि खालून फिकट हिरवं-पिवळसर असतं. फरच्या पानाखाली दोन पांढऱ्या रेषा ठळक दिसतात. शंका आली तर माल परत करा.

वैद्या_अनघा

आभारी आहे. अख्खी पानं मागण्याची सूचना उद्यापासूनच अमलात आणते.

बाणेरचा_अमेय

मी जीनोमिक्सच्या विदेवर (डेटावर) काम करतो, त्यामुळे राहवत नाही. आजच्या काळात मायक्रोसॅटेलाइट कशासाठी? जीबीएस किंवा रॅड-सेक करा, म्हणजे जीनोमचे निवडक तुकडे एकदम वाचा; एका फटक्यात हजारो एसएनपी, म्हणजे एका अक्षराचे फरक, मिळतील. शिवाय मायक्रोसॅटेलाइटची लांबी यंत्रागणिक एक-दोन अक्षरांनी सरकते. पुण्यात मोजलेलं आणि डेहराडूनला मोजलेलं जुळत नाही. संकटग्रस्त झाडाची नोंद पन्नास वर्षं वापरायची असेल तर ती जुळायलाच हवी.

रानवाट

अमेय, लांबी सरकण्याचा मुद्दा अगदी खरा आहे. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये ठरलेल्या झाडांचे तेच संदर्भ-नमुने चालवावे लागतात, आणि ते दोन्ही प्रयोगशाळांकडे असावे लागतात.

पण हजारो एसएनपींबद्दल थोडं थांबा. 1000 कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये रॅड-सेकचे बहुतेक रीड (वाचलेले छोटे तुकडे) पुनरावृत्तीच्या भागात पडतात. एकाच जागेचे वाटणारे रीड प्रत्यक्षात चार वेगळ्या जागांचे असतात आणि खोटे हेटेरोझायगोट, म्हणजे एका जागी दोन वेगळी रूपं असलेले नमुने, तयार होतात. ते गाळायला रीडची खोली वाढवावी, म्हणजे तीच जागा जास्त वेळा वाचावी लागते, मग दर नमुन्याचा खर्च वाढतो. शिवाय हे काम शेवटी वनविभागाच्या रोपवाटिकेसाठी व्हायचं आहे. दरवर्षी थोडी थोडी झाडं तपासायची, साधं पीसीआर मशीन असलेल्या ठिकाणी. तिथे पंधरा चांगले मार्कर जास्त कामाला येतात.

बाणेरचा_अमेय

पुनरावृत्तीचं मान्य. पण मग निवडक जनुकांच्या भागांतले शे-दोनशे एसएनपी ठरवून एक पॅनेल करा. एकदा तयार झालं की कुठल्याही प्रयोगशाळेत तेच उत्तर येईल. ए म्हणजे ए आणि जी म्हणजे जी. तुमच्याकडे आरएनएची विदा आहेच, तिच्यातूनच निघतील.

रानवाट

हे मला आवडलं. त्याच विदेतून दोन्ही काढता येतील, हे खरं. पॅनेल तयार करायचा पहिला खर्च मोठा आहे, तो कोण करेल ही अडचण. तोवर मधला रस्ता म्हणजे मायक्रोसॅटेलाइटची लांबी न मोजता तो तुकडाच सिक्वेन्सरवर वाचायचा. मग यंत्रागणिक फरक राहत नाही. पण तुमच्या मूळ आग्रहाशी, की नोंद पन्नास वर्षं टिकली पाहिजे, मी पूर्ण सहमत आहे.

मृदुला_एमएस्सी

ताई, मी वनस्पतिशास्त्र एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये सूचिपर्णी झाडाच्या पानांतून डीएनए काढते आहे, पेलेट (तळाशी बसणारा डीएनएचा गोळा) दर वेळी तपकिरी येतो आणि पीसीआर होत नाही. आणि मार्कर खरा आहे की नाही हे कसं तपासायचं?

रानवाट

मृदुला, तपकिरी रंग म्हणजे पानांतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं हवेने काळवंडून डीएनएला चिकटली. सीटॅबच्या बफरमध्ये, म्हणजे डीएनए काढायच्या द्रावणात, पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाल, तेही ऐन वेळी. पानं कोवळी घे, जुन्या सुयांत राळ जास्त. कुटताना द्रव नायट्रोजन कमी पडू देऊ नकोस, पूड वितळली की पॉलिफेनॉल कामाला लागतात. क्लोरोफॉर्मची धुणी दोनदा कर. तरी पीसीआर नाही झालं तर डीएनए दहापट पातळ करून बघ. बऱ्याचदा अडथळा आणणारी द्रव्यं पातळ झाली की बँड येतो. नमुने बाहेरून येणार असतील तर सुया ताज्या असतानाच भरपूर सिलिका जेलमध्ये घालायला सांग, आणि जेलचा रंग बदलला की ते बदलायला सांग.

मार्कर तपासण्याबद्दल: इथे सूचिपर्णी वृक्षांनी आपल्याला एक देणगी दिली आहे आणि मला तिचं कौतुक आवरत नाही. यांच्या बीमध्ये गर्भाभोवती जो पोषक भाग असतो तो फक्त आईचा असतो, आणि त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणजे आईच्या दोन अलीलांपैकी (एकाच जागेच्या दोन रूपांपैकी) एकच त्यात उतरतो. एका मादी झाडाच्या पुष्कळ बिया घे, प्रत्येकीतला तो भाग वेगळा काढून मार्कर चालव. आई हेटेरोझायगोट असेल तर साधारण निम्म्या बियांत एक अलील आणि निम्म्यांत दुसरा यायला हवा. तसं आलं नाही तर त्या मार्करवर विश्वास ठेवू नकोस. आंब्याच्या किंवा सागाच्या बीमध्ये ही सोय नाही. पुढे त्याच बीचा गर्भ तपासला आणि आईचा अलील वजा केला की उरतो तो बापाचा. परागाचा प्रवास असा शोधतात.

याच तपासणीत नल अलीलही पकडता येतो. प्रायमर बसायच्या जागेवरच बदल झाला असेल तर तो अलील वाढतच नाही. झाडात दोन अलील असतात, दिसतो एकच. मग हिशेबात झाडं आतल्या आत प्रजनन करताहेत असं खोटंच दिसतं. संकटग्रस्त झाडाबाबत असा निष्कर्ष चुकला तर दुसऱ्या खोऱ्यातून पराग किंवा रोपं आणण्यासारखे निर्णय चुकीच्या आधारावर घेतले जातात. म्हणून हा भाग घाईत उरकू नकोस. आईच्या झाडात एकच अलील दिसतो आणि निम्म्या बियांत काहीच वाढत नाही, असं आढळलं तर नल अलीलचा संशय घे. तो तुकडा वाढत नाही पण त्याच बीमधून दुसरे मार्कर नीट येताहेत, एवढी खात्री मात्र आधी कर.

मृदुला_एमएस्सी

खूप खूप आभार ताई. पातळ करून उद्याच बघते.

नर्सरी_हडपसर

मी फुलझाडांची नर्सरी चालवतो, थुनेर कधी लावलेलं नाही. पण कटिंगबद्दल लिहिलंत ते आमच्या धंद्यातही खरं आहे. चांगली फुटणारी एक मदर प्लँट सापडली की सगळी रोपं तिचीच होतात. मग जंगलासाठी नर्सरीवाल्याने काय करायचं, सोप्या शब्दांत सांगाल?

रानवाट

दादा, सगळ्यात आधी प्रत्येक रोपाला मूळ झाडाचा नंबर लावायचा आणि तो नंबर रोप जंगलात जाईपर्यंत सोडायचा नाही. नंबर गेला की कितीही मार्कर असले तरी घोळ होतो. मूळ झाडं शक्य तितकी जास्त घ्यायची आणि एकमेकांपासून लांबची घ्यायची, कारण शेजारची झाडं बहुधा नात्यातली असतात. फुलावर किंवा बीवर असताना नर-मादी नोंदवून दोन्ही घ्यायची. एखाद्या झाडाची कटिंग जास्त लागतात म्हणून त्याचीच भरती करायची नाही. आणि जमेल तिथे बियांची रोपंही करायची, दोन वर्षं लागली तरी. त्या खोऱ्यातली रोपं त्याच खोऱ्यात. एवढं झालं की मग मार्करने तपासणं सोपं जातं.

नर्सरी_हडपसर

नंबर लावायचं आमच्याकडेही सुरू करतो. धन्यवाद.

कर्वेनगरकर

आमचा ट्रेकर्सचा गट पुढच्या उन्हाळ्यात उत्तराखंडात जातो आहे. झाड दिसलं तर थोडी पानं सुकवून आणू का तुमच्यासाठी?

रानवाट

मनापासून आभार, पण पानं आणू नका. झाड संरक्षित आहे, आणि नमुने घ्यायला वनविभागाची परवानगी लागते. शिवाय सगळे भाग विषारी आहेत, फक्त बीभोवतीचा लाल गर सोडून; तोही चाखायला जाऊ नका, आतली बी विषारी असते.

फोटो मात्र हवे आहेत. पानांच्या दोन्ही बाजू, खोडाची लालसर सोलवटणारी साल, लाल फळ असेल तर ते, आणि झाडाखाली रोपं आहेत की नाहीत. हा शेवटचा फोटो सगळ्यात मोलाचा. उंची आणि खोऱ्याचं नाव लिहून ठेवा. नेमकं ठिकाण इथे धाग्यावर टाकू नका, साल सोलणारेही वाचत असतात. मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

कर्वेनगरकर

समजलं. गटात तसं कळवतो, आणि निघण्याआधी पानांचे एक-दोन फोटो ओळखीसाठी तुमच्याकडून मागून घेतो.